रात्री वाजतो, दुपारी गप्प

मे महिन्यातलं लग्न, मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा, कार्यालय नागपूरबाहेर काटोल रोडवर आणि पार्किंगमध्ये सावलीला एक बाभूळसुद्धा नाही. जेवणं आटोपून साडेतीनला गाडीत बसलो. एसी पूर्ण, गाणं सुरू, आणि दहाव्या मिनिटाला आधी बेस, म्हणजे खालचा धडधडता आवाज, गेला, मग सगळाच आवाज. डिक्की उघडली तर आवाज वाढवून स्पीकरला देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा लाल झालेला. हात लावला आणि तसाच मागे घेतला. चटकाच बसला.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात दाखवला. तिथल्या माणसाने न उघडताच निदान केलं, ‘बोर्ड गेला, नवीन घ्या.’ गंमत म्हणजे आदल्या रात्री घरी येताना तोच अ‍ॅम्प उत्तम वाजला होता. मग आमच्या नेहमीच्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘भाऊ, रात्री वाजते ना?’ मी म्हटलं, वाजतो. ‘मग मशीन चांगली आहे. जागा खराब आहे.’

त्या वाक्यात उष्णतेचं बरंचसं भौतिकशास्त्र आहे.

अ‍ॅम्प बॅटरीतून जेवढी वीज ओढतो, तेवढी सगळी स्पीकरला जात नाही. उरलेली आत उष्णता होऊन बसते. ती बाहेर टाकायला वर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, म्हणजे हीटसिंक. पण हीटसिंक काही फ्रीज नव्हे. तो आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असेल तरच उष्णता देऊ शकतो, आणि किती देईल हे त्या दोघांतल्या फरकावर ठरतं. समजा, एखादा हीटसिंक दर वॉटमागे ०.६ अंश तापतो. आत ५० वॉट वाया जात असतील तर तो हवेपेक्षा ३० अंशांनी वर जाऊन स्थिरावेल. डिसेंबरच्या रात्री डिक्कीत २० अंश असतील तर हीटसिंक ५० वर. छान. मेच्या दुपारी डिक्कीत ६० असतील तर तो ९० वर जाऊ पाहील. बहुतेक अ‍ॅम्पमधला तापमापक साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान कुठेतरी आवाज तोडतो, आणि ते बरंच आहे. आतल्या सिलिकॉनच्या चिपला साधारण १५० अंशांची मर्यादा असते आणि चिप नेहमी हीटसिंकपेक्षा बरीच जास्त तापलेली असते. म्हणजे लाल दिवा हा बिघाड नाही. अ‍ॅम्प स्वतःचा जीव वाचवतोय.

आता ६० हा आकडा मी उगाच फुगवून सांगत नाहीये. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी इथे २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या केबिनमधली हवा तासाभरात सरासरी ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ वर. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सावलीतच पाहिलेत, त्यामुळे टेम्पीचं आपल्याला फार अप्रूप नाही. २००५ सालच्या कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं होतं की तासाभरात गाडीतलं तापमान साधारण २२ अंशांनी वाढतं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आपण सगळे ती बोटभर फट ठेवून निर्धास्त लग्नात जातो.

‘काचेमुळे ऊन आत येतं आणि उष्णता बाहेर पडत नाही’ हे आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या. एकीला काचेचं झाकण, दुसरीला सैंधवाच्या पारदर्शक पाटीचं. काच उष्णतेच्या लहरी अडवते, सैंधव त्या जाऊ देतं. तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या, कारण खरं काम कोंडलेल्या हवेचं होतं. सेडान गाडीच्या डिक्कीला तर काचही नसते. वरचा पत्रा तापतो, आतली हवा तापते आणि तिला जायला वाट नसते. त्यात एसीचा वारा मागच्या सीटच्या पाठीशीच थांबतो. समोर आपण २४ अंशांत गारेगार आणि पाठीमागे अ‍ॅम्प भट्टीत.

त्यावर लोकांचा हमखास उपाय म्हणजे पंखा. कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे आणून लावायचे. पंख्याने हीटसिंकवरची चिकटून राहिलेली गरम हवा हटते हे खरं, आणि ३० अंशांचा फरक १५ वर येऊ शकतो हेही खरं. पण ती उष्णता जाते कुठे? डिक्कीतच. ३०० लीटरच्या डिक्कीतल्या हवेचं वजन तिथे ठेवलेल्या साखरेच्या पिशवीहूनही कमी असतं. ५० वॉट उष्णता फक्त त्या हवेतच राहिली असं धरलं, तर साडेसहा सेकंदांत तिचं तापमान एक अंशाने वाढेल. प्रत्यक्षात पत्रा, गालिचा, बॅगा बरीच उष्णता पिऊन टाकतात म्हणून इतकं घडत नाही. पण दिशा तीच. बाहेरची हवा आत आणणारी आणि आतली बाहेर घालवणारी वाट असेल तरच पंख्याला अर्थ आहे. नाहीतर ते बंद खोलीत उकडतंय म्हणून पंख्याचा वेग वाढवण्यासारखं. एका नातेवाइकाने कूलरच्या धर्तीवर ओलं फडकं टाकायचं सुचवलं होतं. विदर्भाची कोरडी हवा कूलरला फार मानवते, पण १३ व्होल्टवर ५० अँपिअर वाहणाऱ्या पेटीवर पाणी नको.

मग आमच्या वायरिंगवाल्याने गाडी आत घेतली आणि डिक्कीतली चटई उचलली. अ‍ॅम्प सबवूफरच्या, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरच्या, खोक्याला उलटा स्क्रूने ठोकलेला, पट्ट्या खाली, गालिच्याला टेकलेल्या. गरम हवा वर चढते. पट्ट्या उभ्या असल्या की त्यांच्यामधून ती आपोआप धुरांड्यासारखी वर जाते आणि खालून नवी आत येते. पट्ट्या वर तोंड करून आडव्या असल्या तरी काम भागतं. पण पालथ्या घातल्या की तापलेली हवा वरच्या पेटीखाली अडकते. शिवाय खोका थरथरतो आणि सोल्डरचे जोड ढिले होतात, ते वेगळंच.

मी हौसेने तापमान मोजायची बंदूक आणली होती. चकचकीत पट्टीवर रोखली तर ४१ अंश. बोट तर टेकवत नव्हतं! तो हसला आणि काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा पट्टीवर चिकटवला. टेपवर रोखल्यावर आकडा सत्तरीच्या पलीकडे. ही बंदूक वस्तूतून निघणाऱ्या अवरक्त किरणांवरून तापमान ठरवते. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम स्वतः ते फार कमी सोडतं आणि आजूबाजूचे आरशासारखे परतवतं. म्हणजे मी अ‍ॅम्पचं नव्हे, दुकानाच्या छताचं तापमान मोजत होतो. बऱ्याच हीटसिंकना काळा थर दिलेला असतो तो दिसण्यासाठी असतो असं मला वाटायचं. त्या थरामुळे किरणांवाटे जास्त उष्णता बाहेर पडते.

जागेचं झालं. पण त्याचं दुसरं म्हणणं मला जास्त आवडलं. ‘पहिले गरमी कमी बनवा, मग थंड करायचं पाहा.’ आणि इथे आपला अंदाज हमखास चुकतो. आपल्याला वाटतं, आवाज कमी केला की अ‍ॅम्प कमी तापेल. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये, ज्यांना क्लास एबी म्हणतात, हे सरळ नसतं. त्यांचा आधार असलेल्या क्लास बी जातीत, शुद्ध एकसुरी आवाजासाठी, कागदावरची सर्वोत्तम कार्यक्षमता ७८.५ टक्के येते. १०० वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात असताना १२७ वॉट ओढतो आणि २७ आत जाळतो. पण त्याला ४० वॉटवर आणा, तो साधारण ८० ओढतो, म्हणजे ४० वॉट आत. आवाज कमी, चटका जास्त! कारण अर्धवट उघडलेल्या नळासारखा ट्रान्झिस्टर उरलेला दाब स्वतःवर घेतो. फार खाली आणलं की मात्र उष्णताही उतरते.

क्लास डी अ‍ॅम्प हा नळ अर्धवट उघडतच नाही. पूर्ण चालू, पूर्ण बंद, सेकंदाला काही लाख वेळा, आणि किती वेळ चालू यावरून आवाज घडतो. त्यामुळे ८० ते ९० टक्के वीज स्पीकरपर्यंत पोचते. कल्पना जुनी आहे. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीने १९६४ मध्येच एक्स-१० नावाचा असा संच विकायला काढला होता, पण त्यातून अडीच वॉटच निघायचे. त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करू शकत नव्हते. आज सबवूफरसाठीचे बरेचसे अ‍ॅम्प याच जातीचे असतात. नवीन घ्यायचाच असेल आणि तुम्ही अकोला-चंद्रपूरकडचे असाल, तर माझं मत स्पष्ट आहे, क्लास डी घ्या आणि वॉटच्या आकड्यापुढे मान डोलावू नका.

माझा मात्र जुनाच होता आणि त्याच्यावर दोन अत्याचार चालले होते. एक म्हणजे सबवूफर दोन ओहमला (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) जोडला होता. चार ओहमच्या जागी दोन आला की आवाजाचं बटण तिथेच ठेवलं तरी दुप्पट प्रवाह, आणि तारेत व जोडांत उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. ब्रिज करून, म्हणजे आवाजाचे दोन मार्ग (चॅनेल) मिळून एकाच स्पीकरला, जोडलं तर आणखी पंचाईत. प्रत्येक चॅनेलला स्पीकर निम्म्या ओहमचा भासतो, म्हणून ब्रिजवर चारचा स्पीकर हा अ‍ॅम्पच्या दृष्टीने दोनचाच.

दुसरा अत्याचार तारेचा. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर. आठ चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या तारेतून ५० अँपिअर गेले तर अर्धा व्होल्ट वाटेतच सांडतो आणि २६ वॉट त्या तारेत जळतात. माझी तार वरून तांबडी होती. त्याने पक्कडीने टोक कापून खरवडलं तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम, ज्याचा रोध दीडपटीच्या आसपास. अनेक अ‍ॅम्पमधला वीजपुरवठा आतला दाब कायम ठेवतो, म्हणून बाहेरून व्होल्ट कमी मिळाले की तो जास्त अँपिअर ओढून भरपाई करतो, आणि पुन्हा उष्णता. अर्थिंगचा स्क्रूही रंगावरच आवळलेला होता. रंग घासून पत्रा उघडा करणं पाच मिनिटांचं काम, पण कुणी केलं नव्हतं.

एवढं सगळं कशाला, लाल दिवा आला की गाडी सावलीत लावायची, असंही कुणी म्हणेल. पण रोजच्या तापण्याचा हिशेब हळूहळू होतो. आतल्या, वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरसाठी इंजिनिअर लोक एक ठोकताळा वापरतात. दर १० अंशांनी आयुष्य निम्मं. १०५ अंशांवर २,००० तासांचा कपॅसिटर ८५ वर ८,००० तास टिकेल आणि ६५ वर ३२,०००.

शेवटी अ‍ॅम्प डिक्कीतून निघाला आणि समोरच्या सीटखाली आला, खाली बोटभर उंचीचे ठोकळे देऊन. तिथे एसीचा पायाकडचा वारा लागतो. मात्र गालिच्यातला धूळ-केसांचा गुंता पट्ट्यांत अडकतो, तो दर महिन्याला ब्रशने काढावा लागतो. तार तांब्याची, सबवूफर चार ओहमला. उन्हात उभ्या गाडीत बसताना आता मी आधी चारही दारं उघडतो, पहिली दोन-तीन मिनिटं काचा खाली ठेवून चालवतो आणि पंधरा मिनिटं बेसला हात लावत नाही.

परवा त्याच रस्त्याने भरदुपारी गेलो. अख्खा प्रवास वाजला. मागे बसलेला पुतण्या तेवढा कुरकुरला, ‘काका, आधीच्यासारखा धडधडत नाही आता.’