बटाटा आधी पानांत तयार होतो

पहिल्यांदा पिशवीत बटाटे लावले तेव्हा पाला बघून फार आनंद झाला होता. गुडघ्याच्या वर गेलेला, गर्द हिरवा, एकही पान पिवळं नाही. तीन महिन्यांनी पिशवी उलटी केली, ढिगात हात घातला, तर गोटीएवढे नऊ कंद हाती लागले. तेही सगळे पिशवीच्या एकाच बाजूला. ज्या बाजूवर दुपारभर ऊन यायचं तिथे नुसती मुळं आणि काही जाडसर पांढरे दोरे. ते दोरेही मुळंच समजून मी टाकून दिले. खरं तर कुठे काय बिनसलं, हे त्या दोऱ्यांनीच सांगितलं असतं.

हे दोरे म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्या. त्यांना स्टोलॉन म्हणतात. मातीत गाडल्या गेलेल्या खोडाच्या पेरांपासून ते निघतात आणि अंधारात आडवे सरकत जातात. त्यांचं टोक आकड्यासारखं वाकलेलं असतं. वेळ आली की दोऱ्याची लांबी वाढायची थांबते आणि आकड्याच्या लगेच मागचा भाग फुगू लागतो. आधी आगकाडीच्या गुलाएवढा, मग वाटाण्याएवढा. हाच बटाटा. म्हणजे रताळं हे फुगलेलं मूळ, पण बटाटा हे फुगलेलं खोड. खात्री करायची असेल तर एक बटाटा हातात घ्या. प्रत्येक डोळ्याजवळ भुवईसारखी एक बारीक कड दिसेल. ती पानाची खूण आहे, आणि डोळा म्हणजे त्या पानाच्या बेचक्यातली कळी. डोळ्यांत एकेक टाचणी टोचून त्यांवरून क्रमाने दोरा फिरवला, तर तो मळसूत्रासारखा वर चढत जातो. फांदीवर पानं अशीच तर लागतात.

आता प्रश्न असा की दोऱ्याला लांबी सोडून फुगायची ‘वेळ आली’ हे कळतं कसं? मला या पिकातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. निर्णय मातीत होत नाही, पानांत होतो. रात्र पुरेशी मोठी आणि हवा थंड असली की पानं एक प्रथिन तयार करतात. त्याचं नाव एसपी-सिक्स-ए. अन्नरसाबरोबर ते खाली उतरून स्टोलॉनच्या टोकाशी पोहोचतं आणि फुगवण्याचं काम सुरू होतं. या प्रथिनाची ही भूमिका २०११ साली उजेडात आली. अनेक वनस्पतींत फुलं धरण्याचा निरोप पोहोचवणारं जे प्रथिन असतं, त्याचंच हे सख्खं भावंड. म्हणजे एका झाडात जो निरोप ‘फुलून ये’ असं सांगतो, तसाच निरोप बटाट्यात जमिनीखाली ‘साठा कर’ असं सांगतो.

उष्णता वाढली की पानांत हे प्रथिन कमी बनतं. कंद धरायला साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवतं, रात्रीचा गारवा विशेष. तिशीकडे पारा गेला की कंद धरणं जवळपास थांबतं. नत्र जास्त झालं तरीही तेच होतं: झाडाला पाला वाढवत राहणं सोयीचं वाटतं आणि साठवणूक पुढे ढकलली जाते. माझ्या पिशवीत दोन्ही चुका एकत्र झाल्या होत्या. खत सढळ हाताने घातलेलं, आणि काळं प्लास्टिक थेट उन्हात. जमिनीतल्या बटाट्याभोवती मातीचा प्रचंड साठा असतो, तो तापायला वेळ लागतो. पिशवीची कड मात्र तासाभरात तापते. म्हणून फिकट रंगाची पिशवी घ्यावी, किंवा निदान तिच्या अंगावर दुपारचं ऊन येऊ देऊ नये. ऊन पानांना हवं, पिशवीला नको. कापडी पिशवीतून पाणी झिरपून वाळतं, त्यामुळे ती आतून गार राहते. पण पाणीही तिला वारंवार लागतं.

पिशवी उंच मनोऱ्यासारखी भरत नेण्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. खोड वाढेल तशी माती चढवत जा, प्रत्येक थराला नवे बटाटे लागतील, असं फार सांगितलं जातं. बहुतेक जातींत तसं होत नाही. कंद मुख्यतः बेण्याच्या आसपास आणि त्याच्या थोड्या वरच्या पट्ट्यातच धरतात. शिवाय बटाट्यातला स्टार्च मातीतून येत नाही, पानांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून तो बनवलेला असतो. मातीची उंची वाढवून पानं गाडली तर स्टार्च बनवणारी जागाच कमी झाली. भर लावायची ती कंद अंधारात राहावेत म्हणून, आणि त्याला २० ते ३० सेंटिमीटर पुरे होतात.

अंधार एवढा महत्त्वाचा का? उजेड लागलेल्या कंदात हरितद्रव्य तयार होतं. ते निरुपद्रवी आहे. पण त्याच उजेडाने सोलॅनिनसारखी विषारी अल्कलॉइडंही वाढतात, आणि ती शिजवून नष्ट होत नाहीत. दर १०० ग्रॅम बटाट्यात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावीत, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. हिरवा पडलेला किंवा कडू लागणारा बटाटा टाकून द्यावा, यात काटकसर करू नये. आणि पारदर्शक डबा तर वापरूच नये.

पाण्याचं गणित एका स्पंजने समजतं. ओला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबू द्या, मग तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. माती अशीच तळाशी ठरावीक जाडीचा ओला थर धरून ठेवते, भांडं उथळ असो की खोल. उथळ भांड्यात हा थर जवळजवळ सगळी जागा व्यापतो, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि कंद सडतात. तळाशी खडे घातले तर निचरा सुधारत नाही, उलट ओला थर वर सरकतो. म्हणून ३० ते ४० सेंटिमीटर खोली, भुसभुशीत मिश्रण आणि तळाला मोकळी भोकं. एका झाडाला १० ते १५ लिटर माती द्या, दाटी करू नका. कोरडं-ओलं असा हिसका बसला तर कंद वेडेवाकडे होतात, कधी आत पोकळ राहतात.

बेण्यासाठी रोगमुक्त म्हणून खात्री केलेला बटाटा घ्यावा; खाण्याच्या बटाट्यातून विषाणू येऊ शकतात, कधी कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर प्रक्रियाही केलेली असते. मोठा बटाटा कापला तर प्रत्येक तुकड्यावर दोन डोळे ठेवा आणि दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या. कापावर सुबेरिनचा, म्हणजे बुचातल्याच पदार्थाचा, पातळ थर धरतो आणि कुजणं टळतं.

दुसऱ्या वेळी मी खत निम्मं केलं, पिशवी भिंतीच्या सावलीत ठेवली आणि फक्त पाला उन्हात येऊ दिला. पाला पहिल्यापेक्षा बुटका झाला. पिवळा पडल्यावर कापला आणि पंधरा दिवस काही उकरलं नाही, कारण त्या काळात साल पक्की होते. मग कडेने हात घालून एक कंद बाहेर काढला आणि अंगठ्याने घासून पाहिला. साल जागची हलली नाही, तेव्हा पिशवी उलटी केली.