नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन : पदव्युत्तर अभ्यास (विदर्भ)

जमीन, पाणी, वन, कुरण आणि मत्स्यसंपदा यांचे मोजमाप, वापर व जतन यांचा पदवीनंतर केला जाणारा अभ्यास. विदर्भात हा विषय एका विद्याशाखेत सामावलेला नाही. त्याचा मातीचा भाग कृषी विद्यापीठात, पाण्याचा बराचसा भाग अभियांत्रिकीत, तर वनांचा भाग वनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि समाजशास्त्रे यांत वाटला गेला आहे. त्यामुळे विद्यार्थ्याला बहुधा आधी विद्याशाखा निवडावी लागते आणि विषय तिच्या मर्यादेत शोधावा लागतो.

या अभ्यासाचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. नागपूरच्या कृषी महाविद्यालयाचे १९०६ हे स्थापनावर्ष सामान्यतः प्रमाण मानले जाते. परंतु तेथे कृषिशिक्षणाचे वर्ग त्यापूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरत असल्याने काही जण आरंभ आणखी मागे नेतात. वनशिक्षणाची परंपरा वेगळी असून ती डेहराडून येथे १८७८ मध्ये निघालेल्या वनशाळेशी जोडली जाते. मात्र या दोन्ही परंपरांचा मूळ हेतू शासकीय खात्यांसाठी माणसे तयार करणे हा होता. संशोधनप्रधान पदव्युत्तर अभ्यास या अर्थाने पाहिल्यास अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना (२० ऑक्टोबर १९६९) आणि १९७६ मध्ये अस्तित्वात आलेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो हे टप्पे अधिक निर्णायक वाटतात. ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे.

या दोन संस्थांच्या सहकार्याने चालणारा भूसंपदा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम प्रस्तुत विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. त्यात मातीचा उभा छेद खणून थरांचे वर्णन करणे, प्रयोगशाळेत पृथक्करण करणे आणि उपग्रहचित्रांच्या साहाय्याने नकाशे तयार करणे ही कामे येतात. पूर्व विदर्भातील शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बरडी अशा नावांनी ओळखतात आणि जुन्या जमाबंदीतही (जमीनमहसूल ठरवण्याच्या नोंदींत) ही नावे वापरलेली आढळतात. त्यांचा आधुनिक मृदावर्गीकरणाशी मेळ घालणे हे कष्टाचे, पण मोलाचे काम आहे; कारण या नावांत रंग, पोत आणि पाणी धरण्याची शक्ती यांविषयीचे पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे.

पश्चिम विदर्भातील प्रबंधांचा एक ठळक विषय म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे जेथे विहिरींचे पाणी खारे आहे असा प्रदेश. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील ९३२ गावांचा समावेश नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात करण्यात आला होता. येथील खारेपणाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. प्राचीन सरोवरात किंवा समुद्रसदृश जलाशयात साचलेले क्षार गाळाबरोबर राहून गेले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार निमशुष्क हवामान हेच मूळ कारण होय : पाऊस अपुरा असल्याने मातीतील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने साक्याप्रमाणे खाली बसते, चिकणमातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढत जाते, कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. खोऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे पाऊस घटतो आणि जमिनीचा चोपणपणा (सोडियममुळे पाणी न मुरण्याचा दोष) वाढतो, ही गोष्ट दुसऱ्या मताला बळ देते. तथापि भूजलातील क्षारांचा पूर्ण उलगडा केवळ त्यातून होतोच असे नाही. जमीन कोणत्या मर्यादेपासून चोपण मानावी हाही असाच वादाचा मुद्दा. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये विनिमययोग्य सोडियमची (मातीच्या कणांना धरून असलेल्या व अदलाबदल होऊ शकणाऱ्या सोडियमची) १५ टक्के ही मर्यादा रूढ केली. विदर्भाच्या भारी काळ्या जमिनीत ५ टक्क्यांच्या आसपासच पाण्याचा निचरा मंदावून पीक खालावते, असे नागपूर येथील मृदाशास्त्रज्ञांनी दाखवले असून या प्रदेशापुरता तोच निकष ग्राह्य धरणे इष्ट होय. दर्यापूर किंवा संग्रामपूरकडील गावातून आलेल्या विद्यार्थ्याने विहिरीच्या खाऱ्या पाण्याची अडचण घरीच अनुभवलेली असते, आणि शेततळ्यातील पावसाच्या गोड पाण्याचे मोलही त्याला ठाऊक असते.

पाण्याच्या अभ्यासासाठी कृषी विद्यापीठात मृद व जलसंधारण अभियांत्रिकी, तर नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जलसंपदा अभियांत्रिकी हे एम. टेक.चे मार्ग आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव (मालगुजार या जमीनदारांच्या काळातील गावतलाव) सिंचन व मासेमारी या दोन्ही अंगांनी अभ्यासण्याजोगे आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपून तलाव शासनाकडे गेल्यावर त्यांच्या देखभालीची गावपातळीवरील जुनी घडी विस्कटली. मत्स्यविज्ञानाचा अभ्यास नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतो.

वनशास्त्राचे एम. एस्सी. अकोल्यात करता येते. चंद्रपूरची वन प्रबोधिनी ही मुख्यतः सेवेतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची संस्था असल्याने तिला येथे गणणे योग्य नव्हे. वनव्यवस्थापनाकडे वळणारे विद्यार्थी भोपाळ येथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत (स्थापना १९८२) जातात. सामूहिक वनहक्कांमुळे (वनाचा वापर व व्यवस्थापन यांवरील संपूर्ण गावाच्या हक्कांमुळे) मात्र शिक्षणाची नवी गरज निर्माण झाली आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबूची मोजणी, तोडीचे चक्र, हिशेब आणि व्यवस्थापन आराखडा ही कामे आता ग्रामसभांना करावी लागतात. त्यांसाठी वनशास्त्र, हिशेबलेखन आणि कायदा एकत्र जाणणारी माणसे गावातच तयार होणे निकडीचे आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ भौगोलिकदृष्ट्या या कामाच्या सर्वांत निकट आहे.

कृषी शाखेतील एम. एस्सी. सामान्यतः दोन वर्षांचे, चार सत्रांचे असून त्यात प्रबंध अनिवार्य असतो. राज्यातील कृषी विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा, तर इतर राज्यांतील राखीव जागांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. प्रबंध बहुतांशी इंग्रजीत लिहिले जातात. शेतकऱ्यांच्या मुलाखती मात्र वऱ्हाडी, झाडीबोली किंवा गोंडीत होतात, आणि जमिनीची स्थानिक नावे प्रबंधात उतरवताना ती मूळ रूपात नोंदवणे आवश्यक ठरते.