हावडा पूल (रवींद्र सेतू)

पश्चिम बंगालमधील कोलकाता आणि हावडा या शहरांना जोडणारा, हुगळी नदीवरील पोलादी कँटिलिव्हर (एका बाजूला आधार असलेल्या, पुढे आलेल्या बाहूंवर तोललेला) पूल. तो ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झाला. १४ जून १९६५ रोजी रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ त्याचे ‘रवींद्र सेतू’ असे नामकरण करण्यात आले; तथापि लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. नागपूरमार्गे मुंबईहून येणारा लोहमार्ग पश्चिम तीरावरील हावडा स्थानकात संपतो, त्यामुळे या मार्गाने कोलकात्यात उतरणाऱ्या मराठी प्रवाशाला शहराआधी हा पूल दिसतो.

याच भागात १८७४ साली ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी आखलेला तरता पूल उभारण्यात आला होता. जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा मधला भाग काढावा लागे आणि तेवढा वेळ दोन्ही तीरांवरील वाहतूक खोळंबून राही. विसाव्या शतकाच्या आरंभी वाढती रहदारी त्याला पेलेनाशी झाली. नव्या पुलासाठी पात्रात खांब उभारणे सोपे ठरले असते, परंतु हुगळी ही गाळ वाहून आणणारी, भरती-ओहोटीची नदी असून कोलकाता बंदराचे अस्तित्व तिच्या खोल प्रवाहावर अवलंबून होते. खांबांमुळे प्रवाह अडून गाळ साचेल आणि जहाजांची वाट बुजेल, ही भीती खरी होती. पुलाचे आजचे रूप मुख्यतः या अडचणीतून घडले आहे.

रेंडेल, पामर अँड ट्रिटन या संस्थेने आराखडा तयार केला. त्यानुसार दोन्ही काठांवर सुमारे ८५ मी. उंचीचे मनोरे असून त्यांच्यामधील मुख्य गाळा १,५०० फुटांचा (४५७ मी.) आहे. दोन्ही मनोऱ्यांपासून नदीवर ४६८ फुटांचा एकेक बाहू पुढे येतो आणि या बाहूंच्या टोकांवर ५६४ फुटांचा मधला भाग टेकलेला आहे. रस्ता वरच्या सांगाड्याला लोंबत्या पोलादी दांड्यांनी टांगलेला आहे. जोडणीसाठी नट-बोल्ट न वापरता रिव्हेट (ठोकून पक्के बसवलेले धातूचे खिळे) ठोकण्यात आले. मनोऱ्यांचे पाये घालण्यासाठी प्रचंड विहिरी (पायासाठीच्या पोकळ पेट्या) जमिनीत उतरवाव्या लागल्या. कोलकात्याच्या बाजूला ही खोली ३१ मी.हून अधिक आहे.

बांधकाम चालू असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि इंग्लंडहून यावयाचे पोलाद युद्धाकडे वळले. लागणाऱ्या सुमारे २६,५०० टनांपैकी २३,००० टन पोलाद टाटांच्या कारखान्याने पुरविले. येथील धातुतंत्रज्ञांनी त्यासाठी ‘टिस्क्रोम’ नावाचे उच्च ताणबलाचे मिश्रपोलाद सिद्ध केले, हे भारतीय पोलाद उद्योगाचे लक्षणीय यश मानले पाहिजे. उभारणी ब्रेथवेट, बर्न अँड जेसप कंपनीने केली. जपानी हवाई हल्ल्यांच्या धास्तीमुळे उद्घाटनाचा समारंभ झालाच नाही. रात्रीच्या वेळी एक ट्राम पुलावरून गेली आणि पूल वापरात आला.

पुलावरील ट्राम १९९३ मध्ये बंद झाल्या. त्याआधीच, १९९२ साली, हुगळीवरील विद्यासागर सेतू हा दुसरा पूल खुला झाल्याने वाहनांचा काही भार हलका झाला होता. पादचाऱ्यांची गर्दी मात्र अखंड असते, विशेषतः पूर्व टोकाशी असलेल्या मल्लिक घाटाच्या फूलबाजारातून डोक्यावर झेंडूच्या माळांचे भारे घेऊन निघालेल्या हमालांची. पुलाची देखभाल बंदर प्रशासनाकडे आहे. पान-गुटखा खाऊन मारलेल्या पिचकाऱ्यांनी लोंबत्या दांड्यांच्या तळाची पोलादी आवरणे झिजून काही ठिकाणी ६ मिमी. जाडीची ३ मिमी. इतकी झाल्याचे आढळले, तेव्हा ते तळ फायबरग्लासने झाकण्यात आले.