वदा : एका रशियन नामाचं पाणी जोखताना

रशियन शिकायला बसलं की पहिल्या काही दिवसांतच 'पाणी' हा शब्द समोर येतो. अक्षरं चारच. एकेक अक्षर लावून वाचलं तर होतं 'वोदा', पण मॉस्कोत कुणाच्याही तोंडून ऐकू येतं 'वदा'. रशियन शब्दात साधारणपणे एकाच स्वरावर आघात, म्हणजे बोलण्यातला जोर, पडतो आणि आघात नसलेला 'ओ' आखडून 'अ'कडे झुकतो. इथे आघात 'दा'वर आहे, म्हणून आधीचा 'ओ' विरघळतो. उत्तर रशियातल्या जुन्या बोलींत अजून स्वच्छ 'वोदा' ऐकू येतं. शेजारच्या बेलारूसी भाषेनं मात्र उच्चारालाच मान दिला आणि लिहितानाही 'वदा' असंच लिहायचं ठरवलं.

यातला 'द' आपल्याला आयता मिळतो. जीभ दातांना टेकवून आपण 'दार' म्हणतो ना, तसाच. इंग्रजी बोलणाऱ्याला त्यासाठी जीभ नव्यानं वळवावी लागते.

रशियन शिकायची असेल तर शंभर शब्दांची यादी पाठ करण्याआधी हे एकच नाम सगळ्या रूपांत फिरवून पाहावं, असं मी आग्रहानं सांगेन. मराठीत 'पाणी'ला काही जोडायचं तर आधी 'पाण्या' हे सामान्यरूप होतं आणि मग त्याला त, ला, नं, तून लागतात. रशियनची तऱ्हा संस्कृतसारखी आहे. तिथे शब्दाचा शेवटच बदलतो. विभक्त्या सहा.

'वदा खलोद्नाया' म्हणजे पाणी थंड आहे. नाम स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. 'आहे' वेगळं म्हणायची गरजच नाही. 'माझ्याकडे पाणी आहे' हे वाक्य तर आपल्याच घरातलं वाटतं: 'ऊ मिन्या येस्त्य वदा'. मालकी सांगायला इथे 'मी बाळगतो' असं क्रियापद लागत नाही. वस्तू माझ्यापाशी असते, एवढंच.

आता मासा घ्या. तो पाण्यात आहे, तर 'व् वद्ये'. तोच काठावरून पाण्यात उडी मारतो, तर 'व् वोदू'. मराठीत दोन्हीकडे 'पाण्यात'. रशियन मात्र असणं आणि जाणं यांत भेद करते. संस्कृत शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: 'जले तिष्ठति', पण 'जलं प्रविशति'. सप्तमी आणि द्वितीया.

सर्वांत जास्त कामाला येतं ते षष्ठीचं रूप, 'वदी'. शेवटचा स्वर म्हणजे जीभ मागे ओढून म्हटलेला 'ई'. पेलाभर पाणी म्हणजे 'स्तकान वदी'. एखादी गोष्ट नाही म्हणतानाही हेच रूप येतं: 'न्येत वदी', पाणी नाही. रशियन शहरांत घरोघरी गरम पाणी मध्यवर्ती नळयोजनेतून येतं आणि दर उन्हाळ्यात नळांच्या तपासणीसाठी ते जास्तीत जास्त १४ दिवस बंद ठेवतात. त्या दिवसांत जिन्यात शेजारी भेटला की हमखास कानावर पडतं, 'गर्याचेय वदी न्येत'. थोडंसं पाणी मागतानाही षष्ठीच. 'दाय्त्ये वदी' म्हणजे जरा पाणी द्या. 'दाय्त्ये वोदू' म्हटलं तर ते समोरचं, ठरलेलं पाणी द्या. 'थोडं' हा शब्द न उच्चारता केवळ विभक्तीनं ते सांगता येतं, हे मला या भाषेतलं फार सुंदर काम वाटतं.

बारकाईनं पाहिलंत तर 'वदा'चं 'वोदू' होताना आघात मागे सरकला आणि हरवलेला 'ओ' परत आला. अनेकवचनातही तसंच होतं, 'वोदी'. कॉकेशसच्या पायथ्याशी औषधी झऱ्यांच्या परिसरात 'मिनेराल्नीये वोदी' नावाचं शहर आहे, म्हणजे खनिजयुक्त पाणी. 'वदी' आणि 'वोदी' रशियन लिपीत अगदी सारखंच लिहितात. फरक फक्त आघाताचा. 'इन्द्रशत्रु' म्हणताना आघात चुकला आणि इंद्राला मारणारा हवा होता तिथे इंद्राकडून मरणारा वृत्र झाला, ही कथा आपण ऐकलेली असते. वैदिक भाषेतही आघात असा जागा बदलत असे.

'वोदू'मधला 'ऊ' कुठून आला? संस्कृतात 'माला'ची द्वितीया 'मालाम्'. स्लाव्ह भाषांत या 'आम्'चा आधी अनुनासिक 'ओ' झाला आणि हजारेक वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या बोलींत अनुनासिक गळून 'ऊ' उरला. आपल्याकडे 'नांव', 'पांच'मधला अनुनासिक आधी बोलण्यातून गेला आणि १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी लेखनातूनही.

मूळ शब्दाचं नातंही असंच जवळचं आहे. 'वदा' आणि आपलं 'उदक' एकाच घराण्यातले. पाणमांजराला संस्कृतात 'उद्र', रशियनमध्ये 'वीद्रा'. तुर्कस्तानातल्या बोआझकय इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची हित्ती भाषा कुणालाच लागत नव्हती. बेद्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानासमोर एक ओळ होती. त्यातलं भाकरीचं चिन्ह ठाऊक होतं, आणि पुढे शब्द होता 'वातार'. भाकरीच्या जोडीला पाणीच असणार, हे त्यानं ताडलं. 'तुम्ही भाकर खाल आणि पाणी प्याल', असा त्या ओळीचा अर्थ लागला. हित्ती ही संस्कृत आणि रशियनच्याच कुळातली भाषा आहे, हे त्यानं १९१५ साली जाहीर केलं. त्याच्या मातृभाषेत पाण्याला 'वोदा'च म्हणतात.

व्होडका हे याच शब्दाचं लाडकं, लहान केलेलं रूप, हे सगळ्यांना ठाऊक असतंच. त्याहून रंगतदार आहेत रशियन वाक्प्रचार. आपण मूग गिळून बसतो. रशियन माणूस तोंडात पाणी भरून गप्प बसतो, आणि तिथे 'वदी' येतं, कारण तोंडात मावेल एवढंच घेतलंय. भानगडीतून नामानिराळा सुटलेला माणूस 'सुखीम इज वदी', पाण्यातून कोरडाच बाहेर येतो. आणि ज्याचं तोंड उतरलंय, तो जणू पाण्यात बुडवून काढलेला: 'काक व् वोदू अपूश्शेन्नी'. बुडवणं म्हणजे आत जाणं, म्हणून इथे 'वद्ये' नाही, 'वोदू'.