काळी गुच्छी

(लॅ. मॉर्केला इलेटा व निकटच्या जाती, कुल-मॉर्केलेसी). थंड प्रदेशांतील व उंच पर्वतांवरील सूचिपर्णी वनांत वसंतात उगवणारे खाद्य कवक. काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथे देवदार, कैल, फर यांच्या वनांत बर्फ वितळल्यावर, साधारणतः मार्च ते मे या काळात, गुच्छ्या मिळतात. सह्याद्रीत पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी गदाकवकांपैकी (गदेसारख्या पेशींवर बीजुके, म्हणजे प्रजननाचे सूक्ष्म कण, धरणारी कवके), तर गुच्छी धानीकवकांपैकी (पिशव्यांत बीजुके धरणारी कवके) असल्याने दोहोंचे नाते दूरचेच.

टोपी शंकूसारखी, खळग्याखळग्यांची. वय वाढते तसे कंगोरे काळे पडतात. खळग्यांचे तळ बहुधा फिकट राहतात. टोपी व देठ यांची आत एकच पोकळी असते. खळग्यांच्या अस्तरात धानी (बीजुकांच्या सूक्ष्म पिशव्या) असून प्रत्येकीत सामान्यतः आठ बीजुके असतात.

इलेटा हे जातिनाम स्वीडिश कवकविज्ञ एलियास फ्रीस यांनी १८२२ मध्ये दिले. त्यांचे त्रोटक वर्णन आज वेगळ्या मानल्या जाणाऱ्या अनेक जातींना लागू पडते. विसाव्या शतकात कोणत्याही काळ्या गुच्छीला इलेटा, कॉनिका किंवा अँगस्टिसेप्स यांपैकी एखादे नाव देण्याचा प्रघात होता. भारतीय याद्याही त्याला अपवाद नाहीत. २०११ च्या सुमारास झालेल्या डीएनए-अभ्यासांनी काळ्या व पिवळ्या गुच्छ्यांचे गट निराळे ठरवले. काळ्या गटातील कित्येक जाती मात्र नुसत्या रूपावरून ओळखता येत नाहीत. म्हणून हिमालयी नमुन्यांना सरसकट इलेटा म्हणण्यापेक्षा ‘इलेटा गट’ म्हणणे अधिक सयुक्तिक. मॉर्केला प्रजातीचा (या सर्व जातींच्या गटाचा) उगम क्रिटेशस कालखंडाच्या आरंभी, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी झाला असावा, असा एक अंदाज आहे. काहींच्या मते तो त्याहूनही जुना आहे.

पोषणाविषयीही मतभेद आहेत. काहींना सूचिपर्णी मुळांशी सहजीवन दिसते. पण चीनमध्ये काळ्या गटातील काही जातींची शेती झाडांवाचून होते, त्यामुळे निदान त्या जातींपुरता शवोपजीवी (मृत जैव पदार्थांवर जगण्याचा) पक्ष बळकट वाटतो. विजा कडाडल्या की गुच्छी उगवते, हा पहाडी समज.

गुच्छ्या दोऱ्यात ओवून वाळवतात व चढ्या भावाने विकतात. शिजवण्यापूर्वी पोकळीतील माती व किडे धुऊन काढावे लागतात. कच्ची गुच्छी विषारी असते. अमेरिकेतील मोंटाना राज्यात २०२३ मध्ये कच्च्या व अर्धकच्च्या गुच्छ्यांमुळे अनेकांना विषबाधा होऊन दोघे दगावले. जायरोमिट्रा ही विषारी ‘खोटी गुच्छी’ वेगळी: तिची टोपी मेंदूसारखी वळ्यावळ्यांची असून उभी चिरल्यास आत एकसंध पोकळीऐवजी अनेक कप्पे दिसतात.