झिजलेल्या नाण्यांचे गणित

फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे-संग्रहालयात काचेमागे ठेवलेले आहत नाणे, म्हणजे ठसे ठोकून बनवलेले प्राचीन नाणे, पाहणाऱ्याला आधी थोडे निराशच करते. चांदीच्या पत्र्याचा ओबडधोबड कापलेला तुकडा, एका बाजूला सूर्य, चक्र, डोंगर असे पाच ठसे आणि मागे एखाददुसरी बारीक खूण. राजाचे नाव नाही, सन नाही, एक अक्षरही नाही. अशा नाण्यांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ठरवण्यासाठी अभ्यासक बराच काळ ठशांच्या अर्थावरून तर्क लढवत होते. १९४०च्या सुमारास दामोदर धर्मानंद कोसंबी या गणितज्ञाने त्यासाठी तराजू हाती घेतला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केलेल्या कोसंबींचे हे संशोधन मला त्यांच्या इतर कोणत्याही कामाइतकेच मोलाचे वाटते.

त्यामागचा विचार साधा आहे. नाणे हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक व्यवहारात त्याची कणभर चांदी घासली जाते. एकट्या नाण्यावरून मात्र काहीच सांगता येत नाही, कारण एखादे नाणे वर्षानुवर्षे मडक्यात पडून राहते, तर दुसरे रोज बाजार पाहते. शिवाय टाकसाळीतून बाहेर पडतानाही सगळ्यांचे वजन तंतोतंत सारखे नसते. पण एकाच प्रकारची शंभर-दोनशे नाणी एकत्र तोलली, की हे योगायोग एकमेकांना बरेचसे छेद देतात आणि दोन गोष्टी स्पष्ट दिसू लागतात: चलनातला काळ वाढतो तशी सरासरी वजनात घट होते आणि त्याच वेळी वजनांमधला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, वाढत जाते. कोसंबींनी हे आपल्या काळातल्या चलनी नाण्यांवर तपासून पाहिले. तिथे प्रत्येक नाण्यावर साल छापलेले असल्यामुळे उत्तर बरोबर आले की नाही, हे लगेच पडताळता येत होते.

मग ते तक्षशिलेच्या ठेव्याकडे वळले. १९२४ मध्ये तिथल्या भिर टेकाडात हजाराहून अधिक आहत नाणी एकत्र सापडली होती आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडर व त्याच्यानंतर गादीवर आलेला त्याचा सावत्र भाऊ फिलिप अऱ्हिदायस यांची जवळजवळ न झिजलेली नाणीही होती, त्यामुळे ठेवा साधारण कधी पुरला गेला याचा अंदाज होता. ठशांनुसार गट पाडून सरासरी वजने काढली, की हलका गट बहुधा जुना आणि जड गट नवा, असा क्रम लागू लागतो. मागच्या बाजूच्या खुणांनी त्याला दुजोरा दिला: खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी. सराफांनी वेळोवेळी नाणे पारखून उमटवलेल्या या खुणा म्हणजे त्याच्या प्रवासाची जणू नोंदवहीच होती. अर्थात, गटांचे मूळ वजनाचे प्रमाण एकच असेल आणि सगळी नाणी एकाच वेळी जमिनीखाली गेली असतील, तरच ही तुलना ग्राह्य धरता येते. आम्लाने घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाण्याचे वजन या कामी निरुपयोगी ठरते.

म्हणूनच ठेवा सापडला की त्यातली देखणी नाणी निवडून बाकीची बाजूला सारणे मला फार मोठे नुकसान वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांपैकी ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी हा ठेवा अभ्यासून त्याचे वर्णन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, म्हणून हे ७० टक्क्यांचे प्रमाण आज आपल्या हाती आहे. समजा, यातली १०० नाणी चिठ्ठ्या टाकून निवडली असती, तर पुन्हा ठसा मारलेली नाणी साधारण ६१ ते ७९ या दरम्यान निघाली असती. अशी निवड वीस वेळा केली, तर सरासरी एकोणीस वेळा आकडा या मर्यादेत पडेल. ही हमी फक्त चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीला लागू पडते. मडक्याच्या तोंडाशी असलेली मूठभर नाणी उचलली, तर ती मालकाने सर्वांत शेवटी टाकलेली असण्याचा संभव असतो आणि त्यांच्यावरून काढलेले प्रमाण तळाच्या नाण्यांना लागू होईलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक मूठ कोणत्या खोलीवरून आली, हे नाणी धुण्याआधीच लिहून ठेवावे लागते.