इष्टापत्ती (तुकारामांच्या अभंगांतील)

वरकरणी नुकसान करणाऱ्या घटनेतूनच आपले हित झाले, असे मागे वळून पाहताना मानणे म्हणजे इष्टापत्ती. मराठीत ही भूमिका सर्वांत ठाशीवपणे मांडली ती सतराव्या शतकात देहूच्या तुकाराम बोल्होबा आंबिले यांनी. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ ही ओळ कीर्तनांतून इतकी कानावर पडलेली असते, की तिच्यातले दिवाळे खरेखुरे दिवाळे आहे आणि दुष्काळही खराच आहे, याचा विसर पडतो.

घर खाऊनपिऊन सुखी होते. गावची महाजनकी, वाण्याचे दुकान, थोडी सावकारी, शेती, आणि पूर्वज विश्वंभरबुवांपासून चालत आलेली विठ्ठलाची सेवा. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे. त्यामुळे प्रपंचाचा भार मधल्या तुकारामांवर लवकर पडला. पुढे आई-वडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेले. अशात १६३० साली पावसाने दगा दिला. १६३०–३२ चा हा दुष्काळ दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पसरला होता. भाकरीच्या मोलाने जीव विकायला काढला तरी घेणारा मिळेना, असे शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. बादशहा तेव्हा बऱ्हाणपुरास तळ देऊन होता आणि त्याच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या. दुष्काळ आणि लष्कर असे दोन्ही एकाच मुलखाच्या वाट्याला आले.

तुकारामांचे दुकान बुडाले, गुरेढोरे गेली, पत गेली. पहिली पत्नी रखमाबाई उपासमारीने गेली. परंपरेनुसार संतू हा मुलगाही दगावला. ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ या आत्मचरित्रपर अभंगात ते हे सगळे आडपडदा न ठेवता सांगतात: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. लगेच पुढे, जिवाला लाज वाटली, या दुःखाने त्रासलो, अशी कबुली आहे. या अभंगात ‘बरें’ कुठेच नाही. म्हणून ‘बरें जालें’ वाचताना हा अभंग शेजारी ठेवावा लागतो. नाहीतर तुकाराम मुळातच निर्विकार होते असा गैरसमज होतो. त्यांची इष्टापत्ती दुःख नाकारत नाही. आधी जिवाची काहिली झाली आहे, आणि मग केव्हातरी त्याच माणसाने हिशेब नव्याने मांडला आहे.

तो हिशेब बेधडक आहे. दिवाळे निघाले ते बरे, लोकांत अपमान झाला ते बरे, धन आणि गुरे गेली तीही बरी, कारण त्या अनुतापाने देवाचे चिंतन उरले आणि संसार ओकारीसारखा झाला. दुसऱ्या एका अभंगात तर ‘बाईल मेली मुक्त जाली’, ‘पोर मेलें बरें जालें’ इथपर्यंत मजल जाते. हे वाचून आजही अंगावर काटा येतो, आणि ते योग्यच आहे. हे शब्द सांत्वनाचे नाहीत. ‘बरा कुणबी केलों । नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों’ या अभंगात मात्र सूर वेगळा आहे. हलकी मानलेली जात आणि विद्येचा अधिकार नसणे, याबद्दल देवाचे आभार मानता मानता पंडितांच्या ताठ्याला चिमटा काढलेला आहे. तिथे इष्टापत्ती हे उपरोधाचे हत्यार होते.

या भूमिकेला कृतीचीही जोड होती. महिपतींच्या चरित्रपर ग्रंथांतून रूढ झालेल्या कथेनुसार घरातली कर्जखते तुकारामांनी धाकटा भाऊ कान्होबा याच्याबरोबर निम्मी वाटून घेतली. कान्होबाची त्याच्याकडे राहिली. स्वतःच्या वाट्याची तुकारामांनी इंद्रायणीत बुडवली. पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळही त्यांनी दुरुस्त केले, आणि याचा उल्लेख खुद्द त्यांच्या अभंगात आहे. खते बुडाली ती दुष्काळाने नागवलेल्या कुळांची. प्रस्तुत लेखकाच्या मते तुकारामांच्या ‘बरें’ला वजन येते ते इथे: एका वाण्याचे दिवाळे दुसऱ्यांची कर्जमुक्ती ठरले.

तरी हिशेबाची एक बाजू लंगडी राहतेच. ‘बाईल कर्कशा’ मिळाली तेही बरे, लेकरे-बायको उपेक्षिली तेही बरे, अशी ‘बरें जालें देवा’ याच अभंगात नोंद आहे. ही बाईल म्हणजे दुसरी पत्नी जिजाई, लोकांच्या तोंडी आवली. पुण्याच्या गुळवे घराण्यातली. नवरा भंडारा डोंगरावर जाऊन बसला की त्याच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढणारी ती हीच, असे परंपरा सांगते. पोरांच्या तोंडी घास घालायची चिंता तिच्याच माथी होती. कीर्तनकार तिच्या तोंडाळपणावर हशा मिळवतात. पण तुकारामांना जे बरे वाटले त्याची किंमत तिने मोजली, हे क्वचितच बोलले जाते. इष्टापत्ती ज्याची त्याने मानायची असते. दुसऱ्याच्या आपत्तीवर हे लेबल लावले की त्याचा ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ होतो, आणि सुतकातल्या घरी भेटायला आलेली मंडळी ते हमखास म्हणतात.

आधुनिक मानसशास्त्राने याच्या जवळचा विषय ‘आघातोत्तर वाढ’ या नावाने हाती घेतला. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी संशोधकांनी १९९६ मध्ये त्यासाठी २१ विधानांची मापनपट्टी प्रसिद्ध केली. नातेसंबंध, नव्या वाटा, आत्मबळ, आध्यात्मिक बदल आणि जगण्याची कदर अशा पाच अंगांनी ती बदल मोजते. वाढ संकटामुळे होत नाही, संकटाशी झगडताना होते आणि दुःख तिच्या सोबतच राहू शकते, यावर दोघांचा भर आहे. पॅट्रिशिया फ्रेझिअर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांची आघातापूर्वीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली, तेव्हा ‘मी बदललो’ ही जाणीव आणि प्रत्यक्ष झालेला बदल यांचा फारसा मेळ बसला नाही. तुकारामांना ही पट्टी लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या लेखी वाढ म्हणजे देवाला शरण जाणे, एवढेच.

आणि प्रत्येक आपत्तीला त्यांनी ‘बरे’ म्हटलेलेही नाही. परंपरेनुसार रामेश्वर भट या शास्त्री पंडिताच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाणी सोडून देवाच्या दारी बसून राहिले. वह्या परत मिळाल्यावरच्या अभंगात आपत्तीचे गुणगान नाही. लोकांच्या बोलण्यापायी आपण देवाचा अंत पाहिला याची खंत आहे: ‘थोर अन्याय केला तुझा अंत म्यां पाहिला’.